मेलखालची सही

“आली बघा ती मेलवाली,” संगणकासमोरच्या बाई शेजारच्या क्लार्कना म्हणाल्या. हळूच म्हणाल्या, पण खिडकीच्या जाळीतून मला स्पष्ट ऐकू आलं.

धाराशिवच्या ज्या कॉलेजातून मी बी.एस्सी. झाले, त्याच्या ऑफिसची ती खिडकी. पुण्यात एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला होता, पण शनिवारपर्यंत मूळ टी.सी. जमा केली नाही तर तो रद्द होणार होता. त्या दिवशी गुरुवार होता.

गेल्या तीन आठवड्यांत मी तीन मेल पाठवले होते. विषय, परीक्षा क्रमांक, सोबतची कागदपत्रं, सगळं नीट. इंग्रजी शाळेत पत्रलेखनात मला नेहमी चांगले मार्क पडायचे. खरं सांगायचं तर या खिडकीशी येऊन बोलावं लागू नये म्हणूनच मी मेल केले होते. उत्तर एकालाही आलं नाही. शेवटी वडील म्हणाले, “चल, मी येतो संगं,” आणि आम्ही येरमाळ्याहून सकाळची एसटी धरली.

क्लार्कनी एक फाइल काढली. माझे तिन्ही मेल त्यात होते. छापलेले, भोकं पाडून दोरीत ओवलेले.

“इंग्रजी लई झकास हाय हं,” ते वडिलांना म्हणाले. “पयल्याच वळीत आमची खुशाली इचारलीय. हितं घरची बायकू इचारत न्हाय!”

बाई हसल्या. वडीलही हसले. मला वडिलांच्या हसण्याचा जास्त राग आला.

“मग टी.सी. कधी मिळंल, साहेब?”

“सही कुठंय ह्याच्यावर? बिनसहीचा अर्ज आवक रजिस्टरला चढत न्हाय. आमी प्रिंट काढून ठिवलंय, पोरगी सहीला यील म्हणून वाट बघायलोय.”

म्हणजे तीन आठवडे मी घरी त्यांच्या उत्तराची वाट बघत होते आणि ते इथं माझी. ‘सहीला या’ एवढं उलट कळवायला काय झालं होतं? वाक्य जिभेवर आलं आणि मी ते गिळलं. तसंही ते वडिलांशीच बोलत होते. मी कागद ओढले आणि तिन्हींवर सह्या केल्या. तिसऱ्या सहीला पेन कागद फाडून आरपार गेलं. क्लार्कनी पहिल्या मेलवर शिक्का मारून नंबर टाकला आणि बाकीचे दोन न बघता मला परत दिले.

“आता सोमवारी या.”

“प्राचार्य न्हाईत व्हय आज?” वडिलांनी विचारलं.

“हायत की. पण सह्यांची फाइल सोमवारीच आत जाती.”

“बरं, येतो मग,” म्हणत वडिलांनी पिशवी उचलली. “पोरगी जरा लाजाळू हाय, तिला कळलं न्हाय.”

मी जाळी धरली. आवाज हवा त्यापेक्षा फार मोठा निघाला.

“सोमवारी माझा प्रवेश गेलेला असेल. फाइल इकडे द्या, मी स्वतः आत घेऊन जाते. टी.सी. हातात पडल्याशिवाय मी इथून हलणार नाही.”