खड्यांतलं झाड

मला लोकांचा राग येतो, हे आधीच सांगून टाकते. सगळी नोकरी सातवी-आठवीच्या पोरांवर ओरडण्यात गेली, आता निवृत्त झाले तरी गळा काही निवृत्त व्हायला तयार नाही. लेक म्हणते, आई, तुझं बोलणं म्हणजे फोडणीत मिरची पडते तसं, घरभर ठसका. असू दे. पण माझ्या जुनिपरवरून दादाला जे काही बोलले, ते मी बोलले आणि बरोबर बोलले.

जुनिपर हे थंड डोंगरातलं झाड. अकोल्याच्या उन्हात माणसं भाजून निघतात, तिथं त्याचं काय होणार! पण मी जगवलं होतं. पसरट ट्रेमध्ये नुसत्या खड्यांत लावलेलं हातभर उंचीचं बोन्साय, बुंधा पिळलेला, एका अंगाला झुकलेलं. नवरा गेला त्या वर्षी आणलं आणि गच्चीवर हिरव्या जाळीच्या सावलीत वाढवलं. घरातली बाकी प्रत्येक वस्तू कोणाच्या ना कोणाच्या पसंतीनं आलेली. हे एवढं एक माझ्या मनानं आणलेलं. ते मरून चालणार नव्हतं.

हिवाळ्यात लेकीचं ऑपरेशन निघालं आणि मी अमरावतीला गेले. किल्ली दादाला दिली. दादा माझा थोरला भाऊ, तेल्हाऱ्याकडं शेती करतो. अकोल्यात दवाखान्याचं नाहीतर बियाण्याचं काम निघालं की माझ्याच घरी उतरतो. त्याला दहादा बजावलं, "बोटानं पाहाय, सुकलं असंन तरच पाणी घाल. बाकी कशाले हात लावू नको."

"हो वं बाई," तो म्हणाला. हा माणूस हो म्हणाला की समजावं, ऐकलेलं नाही.

संक्रांत झाल्यावर मी परत आले. झाड हिरवंगार, वर माझे खडे जसेच्या तसे. मला बरं वाटलं. इथंच फसले, वरच्या खड्यांना बोट लावून पाणी घालत राहिले. जुनिपरची हीच हरामखोरी आहे, आतून मरायला लागलं तरी ते कितीतरी दिवस हिरवंच दिसतं. महाशिवरात्रीच्या सुमाराला त्याचा रंग उतरू लागला. हिरव्यात राखाडी आली, शेंडे मऊ पडले, नवी फूट कुठंच नाही.

नर्सरीवाल्याला फोटो दाखवला तर म्हणाला, "मॅडम, खत टाका, पाणी वाढवा." अरे मेल्या, आजाऱ्याला पुरणपोळी चारतोस का? तोंडावर म्हटलं त्याला.

मग स्वतःच बसले. पांढरा कागद धरून फांदी झटकली. लाल कोळी नावाची कीड असली की कागदावर ठिपके चालताना दिसतात, बोट फिरवलं की लाल रेघ उठते. काही नाही. फांदीची साल नखानं खरवडली, खाली हिरवी ओल होती. म्हणजे जीव होता. मग ऊन बदलून पाहावं म्हणून ट्रे उचलायला गेले, तर तो उचलेचना. माझा ट्रे मी एका हातानं हलवत होते. खडे बाजूला सारले आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

खाली काळी माती. आमच्या वावरातली, कपाशीची, भरीव काळी माती. ओली असली की चिखल, वाळली की दगड. झाड उपसलं तर सगळं एकच ढेकूळ निघालं, वास नालीचा, आणि मुळं तपकिरी, बोटात धरली की साल सुटून येई.

तिथूनच फोन लावला.

"दादा, झाडाले काय केलं तू?"

"काय केलं मंजे? माती देल्ली. बापा, खड्यात लावलं होतं तू झाड! मले पाहावलं नाही. घरची माती आणून भरली. वरतून तुयेच खडे पसरून देल्ले, तुले आवडतात म्हणून."

"खड्यातच लावतात त्याले! त्याच्या मुळाले हवा लागते!"

"काळ्या मातीत काय उगवत नाही वं? तू मातीले नाव ठेवून राहिली? अन् आयक तं..."

मी कशाची ऐकते! म्हटलं, "अख्खं वावर तू ठेवलं, बाबा गेल्यावर तलाठ्यापुढं मी मुकाट सही करून देल्ली, एका शब्दानं इचारलं नाही. एक झाड होतं माझं, त्यातही तुझी माती घुसवली?"

तो "अवं पण ते..." म्हणेपर्यंत मी फोन कापला. परत आला, परत कापला. तिसऱ्यांदा त्यानं केलाच नाही.

रडायला वेळ नव्हता. चैत्राआधी मुळांनी धरलं नाही तर अकोल्याचं ऊन त्याला एका दुपारी संपवणार होतं. नळी लावली आणि मुळं धुतली, धुतली, पार शेवटचा काळा कण निघेपर्यंत. काळा राडा गच्चीभर वाहत कोपऱ्यातल्या पन्हाळीशी गेला, बराचसा नालीत उतरला, उरलेला गाळ तोंडाशी बसला. सडलेली मुळं कापून टाकली. पांढऱ्या टोकांची होती ती मोजकीच उरली. मुरूम आणि विटांचे तुकडे चाळणीनं चाळले, धूळ उडवून दिली, नुसता खडा ठेवला, त्यात झाड बसवलं. हलू नये म्हणून तांब्याच्या तारेनं ट्रेला बांधलं. खत नाही, छाटणी नाही. जाळी दुहेरी केली, सकाळ-संध्याकाळ पानांवर पाण्याचा फवारा, खाली पाणी बोटानं पाहूनच.

आणि कोपऱ्यातला तो गाळ मी झाडला नाही. वाळून तडकला तरी तसाच राहू दिला. मुद्दाम. दादा येईल तेव्हा हात धरून दाखवायचा होता, पाहा तुझी काळी आई काय करून बसली ते.

एक अंग गेलंच. तिकडच्या फांद्या तांबूस होऊन झडल्या. दुसऱ्या अंगाकडं मी रोज चष्मा लावून बघे. गुढीपाडवा गेला, ऊन तापलं, कूलर लागले. मग एका सकाळी शेंड्यांवर पोपटी ठिपके दिसले. नवी फूट! मी गच्चीवर एकटीच मोठ्यानं हसले. मग लेकीला फोन केला. दादाला केला नाही.

तो आला वैशाखात, डोळे तपासायला. चहा टाकायच्या आधीच मी त्याला गच्चीवर नेलं.

"हे पाय. अर्धं मेलं. अन् हे पाय, हे तुयी माती. याच्यानं मेलं."

दादानं झाडाकडं पाहिलंच नाही. तो गाळाकडं पाहत राहिला.

"बाकीची कुठी हाये?"

"नालीत गेली. नाही तं काय, देव्हाऱ्यात ठेवू?"

तो खाली बसला. गुडघे दुखतात त्याचे, तरी बसला. म्हणाला, "निंबाखालची होती. आई शिदोरी सोडे थ्या निंबाखालची. रस्ता मोठा करून राहिले तं वावराच्या कडेचा थो धुरा गेला, निंबही तोडला. मशीन यायच्या आधी मी घमेलंभर काढून ठेवली. अर्धी तुले, अर्धी मले."

"सांगितलं काहून नाही?"

"तू फोनवर बोलू देतं काय?"

मला असा राग आला, असा राग आला, की कोणावर काढू कळेना. निंबाखाली मीही बसले होते. आईनं भाकरीचा पापुद्रा काढून त्यात तिखट-तेल भरून आधी मला दिलं होतं, त्याला नाही. आणि त्या मातीत झाड मेलंच असतं, हेही खरंच होतं. धुतली नसती तर आज एक शेंडा हिरवा नसता.

दादानं खांद्यावरचा दुपट्टा फरशीवर पसरला आणि तडकलेला गाळ नखानं उकरून त्यात ठेवू लागला. फरशीच्या सांध्यातली माती निघता निघेना. एक नख मोडलं त्याचं.

मी खाली गेले. खुरपं आणि एक रिकामा डबा घेऊन वर आले आणि दोन्ही त्याच्यापुढं आपटले.

"नखानं काय उकरून राहिला?" मी म्हटलं. "नीट काढ. अर्धी माझी हाये."