ऊन भात आणि आईचा मोगरा

मंडळी, तंजावरच्या ब्राउझिंग सेंटरमध्ये बसून लिहितेय. सकाळपासून स्वतःचाच राग येतोय.

आई गेल्यावर पापनाशमचं घर विकलं. निघताना तिच्या मोगऱ्याची एक फांदी आणून कुंडीत लावली. कुठं ठेवू, म्हणून याच ग्रुपवर विचारलं. पुण्याच्या एका ताईंनी लिहिलं, "रोज सहा तास ऊन हवं."

आमच्या घरच्या तंजावरी मराठीत ऊन म्हणजे फक्त गरम. ऊन भात, ऊन काफी. तुमच्या उन्हाला आम्ही तमिळातला 'वेयिल' म्हणतो. मी कुंडी स्वयंपाकघरात ठेवली, शेगडीमागच्या कोपऱ्यात. ऊब भरपूर, उजेड मुळीच नाही. पानं गळायला लागली तेव्हा वाटलं, ऊन कमी पडतंय. आणखी जवळ सरकवली!

आज फूलवालीनं नखानं फांदी खरवडून पाहिली. आतून पार वाळलेली. "वेयिल दाखवलाच नाहीस काय, अम्मा?" तिनं तमिळमध्ये विचारलं.

दुसरी फांदी आणायला झाडच उरलेलं नाही. तिथं आता मोबाइलचं दुकान उभं राहतंय.

कुंडी गच्चीवर नेलीय, तुमच्या उन्हात. ताई, मेलेल्या फांदीला किती तास ऊन लागतं?