दुसऱ्या समीकरणाला विचारा

फळ्यावर एक्स आणि वाय निघाले, की मुलं वह्या मिटायला लागायची. सर मात्र खडू खाली ठेवत नसत. "ज्या समीकरणातून वायची किंमत काढली, ते हो म्हणणारच. दुसऱ्याला विचारा." मग मुलं कुरकुरत दोन्ही किमती दुसऱ्या समीकरणात घालून बघायची.

फुलपाड्यातल्या माझ्या हॉलमध्ये सर आणि मी दहावीचा क्लास चालवायचो. ते गणित, मी मराठी. त्यांनीच गळ घातली होती, शाळेतली नोकरी सोडा, क्लास आपला दोघांचा. नवऱ्याशी भांडून मी ती सोडली.

शिकवायचे मात्र सुरेख. खोटं कशाला बोलू? वयाच्या गणितात एकदा एका मुलाच्या उत्तरात आई नऊ वर्षांची आणि मुलगी एकतीसची निघाली. सर गंभीरपणे म्हणाले, "आधी या आईला शाळेत घाला." तोही हसला आणि चूक त्यानेच शोधली. माझी मनवा गणित म्हटलं की रडायची. क्लास सुटल्यावर तिला ते एकटीला घेऊन बसायचे. दिवाळीत ती आपणहून गणितं सोडवायला बसली, तेव्हा त्यांच्या पाया पडावंसं वाटलं होतं मला.

नाताळच्या सुट्टीत सर म्हणाले, गावी जातोय, क्लास जरा उशिरा सुरू करू. मी बरं म्हटलं. नंतर फोन केला, की म्हणायचे, अजून थोडे दिवस. पुढे भाजी घेताना एका विद्यार्थ्याची आई भेटली. माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "मॅडम, बऱ्या दिसताय की. सर म्हणाले, तुमची तब्येत खूप बिघडलीय, म्हणून क्लास स्टेशनजवळ नेला."

मला एक सांगितलं, पालकांना दुसरं. आणि मी विचारत राहिले फक्त त्यांनाच. तुम्हीही तेच केलं असतं. इतकं छान शिकवणाऱ्या माणसावर कोण संशय घेतं?

घरी येऊन संतापाने मनवाला सगळं सांगितलं. तिने मान वर केली नाही.

"मला माहीत होतं, आई. सर म्हणाले, तुला सांगू नको."

सरांचा राग आला होता. हे मात्र आत कुठेतरी लागलं.

"बोर्ड आहे गं," ती रडत म्हणाली. "गणित मला त्यांचंच समजतं."

सोमवारी मीच तिला रिक्षाने स्टेशनजवळच्या क्लासला सोडलं. ती घाईघाईने जिना चढून गेली. मागून तो वयाच्या गणितातला मुलगा आला, मला बघून थबकला.

"मॅडम, आता बरं वाटतं का?"

वर मनवा होती. परीक्षा तोंडावर होती.

"नाही रे," मी म्हटलं, "अजून नाही."