गाळलेला एकशे वीस नंबर

आमच्या हुडकेश्वरच्या मिस्त्रींइतका स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास असलेला माणूस अख्ख्या नागपुरात सापडायचा नाही. कोणतीही वस्तू ते आधी तळहातानं पाहत. पोह्यांच्या ठेल्यावर बसले की घास घेण्याआधी टेबलाच्या खालून हात फिरवत आणि ठेलेवाल्याला हळहळून सांगत, "खालून घासलंच नाही गा कोणी." शाळेतून निवृत्त झाल्यावर मी त्यांच्याकडे सुतारकाम शिकायला जाऊ लागलो, तर दोन महिने करवतीला हात लावू दिला नाही. नुसतं घासायचं. ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळायचा, लाकडाच्या रेषेनंच न्यायचा. आधी ऐंशी नंबरचा खरखरीत, मग एकशे वीस, मग दोनशे वीसचा बारीक. मी जोर लावला की म्हणत, "पेपरले काम करू द्या न सर. तुमी काहून भांडून राहिले त्याच्याशी?" एकदा मी घाईत दाढी करून गेलो, तर माझ्या गालावरून बोट फिरवून म्हणाले, "ऐंशीवरच थांबले काय जी?"

मुलीच्या साखरपुड्यासाठी मी सागवानी चौरंग करायला घेतला. शेवटच्या दिवशी मिस्त्री कन्हानला गेले होते. मी कंटाळून एकशे वीस नंबर गाळला, कोपऱ्यांत पेपर आडवा फिरवला आणि पॉलिश मारून मोकळा झालो. ओलं होतं तोवर सुरेख दिसलं. साखरपुड्याच्या सकाळी खिडकीतून ऊन आलं आणि मांजरानं नखं मारल्यासारखे ओरखडे उठून दिसू लागले. व्याह्यांनी विचारलं, "हा कोणी केला?" भोवती पाहुणे, शाळेतले जुने सहकारी. 'मी केला' हे तीन आठवडे घोकलेलं वाक्य मी गिळलं आणि म्हणालो, "आमच्या मिस्त्रींनी." मिस्त्री माझ्या मागेच जिलेबीची ताटली घेऊन उभे होते.

"हो जी," ते व्याह्यांना म्हणाले, "घासाले कमी पडलो."

चार दिवसांनी ते आपणहून घरी आले, दुपारभर शेजारी बसून माझ्याकडून सगळं पॉलिश उतरवून घेतलं आणि चौरंग पुन्हा पहिल्यापासून घासायला लावला. झाल्या प्रकाराबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. मीही नाही.

पुढे व्याह्यांनी नवं घर बांधलं. "दारं तुमच्या मिस्त्रींनाच सांगणार होतो, पण तो चौरंग पाहिला ना," ते सहज बोलून गेले. काम सावनेरच्या एका सुताराला दिलं होतं. तेव्हा कुठे मी व्याह्यांना खरं सांगितलं. पण दारं बसून झाली होती.

मिस्त्रींसमोर हे बोलायला मला आणखी महिना लागला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"दारं सागवानाची होती काय?"

"हो."

"जाऊ द्या सर. तुमी तर अजून शिकूनच राहिले," असं म्हणून ते पेपर फाडू लागले. मग तो ठोकळ्याला गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "सागवानाची दारं बहुत वर्षांत नाही केली मी."