निळ्या वायरी

माझ्या थोरल्या भावाला निळ्या रंगाचा रोग आहे. नारळी पुनव जवळ आली की हा माणूस डबा आणि ब्रश घेऊन बसतो आणि बोटीवर जे म्हणून हलत नाही ते निळं करून टाकतो. फळ्या, केबिन, बाकडं, बादली. एका वर्षी देवीच्या फोटोची चौकटसुद्धा सोडली नाही. बोट आमच्या बापाची. बाप गेला, हा तांडेल झाला आणि तेव्हापासून बोटीवर याचंच राज्य. मी विरारला बिल्डिंगींची वायरिंग करतो. रिक्षात बसलं की बंदर अर्ध्या तासावर, पण सण सोडून मी तिकडे फिरकत नाही, आणि सणाला जातो तेही वहिनीच्या हातच्या कालवणासाठी. त्याचं तोंड बघायला नाही.

गेल्या पावसाळ्यात वहिनीचाच फोन आला. "भावजी, बोटीची बॅटरी बघा ना एकदा. मागच्या मोसमात दोनदा भर समुद्रात बसली. लोकांच्या बोटींनी ओढत आनली. हे तुम्हाला कधी बोलायचे नाहीत, म्हनून मी बोलते."

जाऊन बघितलं तर दोष सरळ होता. बॅटरी एकच. तीच इंजिन चालू करणार, तीच दिवे पेटवणार, तीच वायरलेस चालवणार, आणि वर खलाशांचे मोबाईलही तिच्यावरच चार्ज. मरेल नाही तर काय करेल! मी ठरवलं, दोन बॅटऱ्या. एक फक्त इंजिनाची, दुसरी बाकी सगळ्याला, आणि मध्ये एक स्विच, म्हणजे एक बसली तर दुसरीवर घेता येईल.

"आला इंजिनेर," दादाने स्वागत केलं. बोट पावसाळ्यापुरती किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारलेली होती, हा तिच्या सावलीत जाळं शिवत बसला होता. मी केबिनखाली कमरेत मोडून काम करायचो आणि वरून याची टकळी चालू. "बिल्डिंगीत पंखे लावनाऱ्याला समुद्र काय कळनार?"

"पंखे लावणाऱ्याला ओढत आणावं लागत नाही," मी खालून म्हणालो.

काम मात्र मी चोख केलं. खाऱ्या हवेत उघडं तांबं आठवड्यात हिरवं पडतं, म्हणून प्रत्येक जोड ग्रीस लावून बंद केला. बोटीच्या पोटात पाणी साचतं, म्हणून बॅटऱ्यांची पेटी उंच फळीवर बसवली आणि जाड पट्ट्याने आवळली. प्लसला लाल वायर, मायनसला काळी. एखाद्या आंधळ्यालाही चुकायला जागा ठेवली नव्हती.

पुनवेच्या दोन दिवस आधी शेवटची तपासणी करायला गेलो आणि केबिनखाली डोकं घातलं. सगळं निळं! पेटी निळी, स्विच निळा, आणि वायरी, लाल काय अन् काळी काय, एकजात निळ्याशार. रंगवायला आड येतो म्हणून पट्टासुद्धा काढला होता आणि त्याजागी प्लास्टिकची सुतळी बांधली होती. माझं डोकंच फिरलं.

"दादा, हे काय केलंस रे?"

"रंग."

"अरे, लाल कुठली, काळी कुठली, आता कसं कळणार?"

"नव्या मोसमाला बोटीत काळं कशाला? परवा पूजा हाय."

"टोकं सुटली आणि उलटी लागली ना, तर वायरलेस जळेल, सगळं जळेल. बुडशील!"

झालं. नारळ वाहायच्या दोन दिवस आधी, बोटीतच उभा राहून मी तो शब्द उच्चारला. आमच्याकडे लहान पोरसुद्धा बोटीत तो शब्द काढत नाही. दादाने हातातला ब्रश फेकून मारला. माझा शर्ट छातीपासून पोटापर्यंत निळा झाला. "उतर खाली! आनि रंगाला सुरी लावलीस तर याद राख. पूजेच्या बोटीला ओरखडा नको मला."

उतरायला मी काय त्याचा नोकर होतो? परत खाली घुसलो. मीटर लावून कुठली वायर कुठली ते शोधलं. खरवडायची बंदी होती, मग त्याच्याच जाळ्याचा दोरा तोडला आणि प्रत्येक टोकाला गाठी बांधल्या. हे आमच्या बापाचं. तो जाळ्याच्या वरच्या दोराला एक गाठ घालायचा, खालच्याला दोन. डोळ्यांत खारं पाणी गेलं तरी बोटांना कळलं पाहिजे, असं म्हणायचा.

बाहेर येऊन मी ओरडलो, "एक गाठ प्लस, दोन गाठी मायनस! ऐकलंस का?" त्याने पाठ वळवली आणि मोबाईलवरचं गाणं मोठं केलं. पट्टा आवळला तर पेटीच्या रंगाला ओरखडा पडणार, म्हणून तो भाकर घेऊन आलेल्या वहिनीच्या हातात कोंबला, म्हटलं पूजा झाली की बसवून घे याच्याकडून, आणि निघालो. वाटेत रिक्षावाला दोनदा माझ्या शर्टाकडे बघून हसला.

पूजेला मी गेलो नाही. मोसम सुरू झाला आणि थोड्याच दिवसांनी भर दुपारी वहिनीचा फोन आला. आवाज ऐकूनच मी हातातली पकड खाली टाकली. वारं फिरलं म्हणून बंदरातल्या सगळ्या बोटी परतल्या होत्या. यांचीच नव्हती. जाळं ओढायला इंजिन बंद केलं होतं, दादा वायरलेसवर बोलत होता आणि बोलता बोलता आवाज तुटला, एवढंच बाकीच्यांना ठाऊक होतं.

"पट्टा बसवला होता का?" मी विचारलं. पलीकडून नुसतं रडणं.

मी बंदरावर पोहोचलो तेव्हा वाळू तोंडात उडत होती. मला सगळं डोळ्यांसमोर दिसत होतं. लाट बसली, सुतळी तुटली, पेटी आडवी झाली, वायरी उपटल्या. हातात चार निळी टोकं. इंजिन सुरू झालं नाही तर वाऱ्याने बोट खडकांवर जाणार, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मी त्याला मनातल्या मनात आईबापावरून शिव्या घातल्या. त्याला ऐकू गेलं होतं का? एवढा एकच प्रश्न. गाणं किती मोठं होतं, मी किती जोरात ओरडलो, पुन्हा पुन्हा आठवत होतो. वहिनीने माझं मनगट धरलं होतं आणि तिची नखं रुतत होती.

दिवस कलताना बोट दिसली. स्वतःच्या इंजिनावर येत होती. वहिनी पाण्यात कमरेपर्यंत शिरली. मी वाळूवरच उभा राहिलो.

दादा उतरला. दोन्ही हात काळे, कपाळावर खोक. बायकोला बाजूला घेऊन काहीतरी बोलला, मग थेट माझ्यासमोर आला. याने आता एक शब्द वाकडा बोलावा, हाणतोच याला, असं मी ठरवलं होतं.

"एक प्लस, दोन मायनस," तो म्हणाला. "बहिरा नाय मी." मग मला दंडाला धरून बोटीवर चढवलं, केबिनखाली ढकललं आणि एक वायर नाकासमोर धरली. दोन गाठींतली एक अर्धी सुटली होती. "ही बघ. ढिली बांधलीस. एक हाय का दोन, हातात धरून बसलो मी, आनि बोट खडकाकडं चाललेली. बापाने कानाखाली काढली असती तुझ्या."

मला बोलायचं होतं. रंग, पट्टा, सुतळी, सगळं ओठांवर आलं होतं. पण मी त्याच्या हातातून वायर घेतली. मी तिथेच मांडी घातली, सगळ्या गाठी सोडल्या आणि एकेक नव्याने बांधली.

तो डोक्यावर उभा राहून बघत होता.

"अजून आवळ," म्हणाला.