किंचित

माझ्या मामीला एका जागी बसवून दाखवा, मी तुम्हाला माझ्या हातची कॉफी पाजीन. भाजी शिजताना ती पुन्हापुन्हा झाकण उघडणार, तेवढ्यात ओटा पुसणार, मध्येच खिडकी लावणार आणि परत उघडणार. नोकरीमुळे मी त्यांच्याकडे राहते आणि तिच्याकडे नुसतं बघूनच दमते.

मामा अगदी उलट. तो घड्याळं दुरुस्त करायचा; आता दुकान मुलगा बघतो. पहिला घास घेऊन मामा डोळे मिटायचा आणि निकाल द्यायचा. "मीठ किंचित कमी." "कांदा किंचित करपलाय." कॉफी कधी किंचित पातळ, कधी किंचित गोड. आम्ही भाचरं त्याला किंचितमामाच म्हणतो. त्या एका शब्दाने मामीच्या तळपायाची आग मस्तकात जायची. "उद्यापासून तुम्हीच रांधा," असं ती रोज म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी इरेला पेटून रांधायची.

मग मामाला ताप आला. तापातून उठला, जेवायला बसला, पहिला घास घेतला आणि म्हणाला, "छान."

मामी हातात डाव धरून तशीच उभी राहिली. दुसऱ्या दिवशीही तेच. वांगी छान, भात छान, कॉफी छान. नवऱ्याने नावाजलं तर एखादीला बरं वाटलं असतं. हिची झोप उडाली.

"माझ्या हाताची चव गेलीय," ती मला म्हणाली. "आता हिला कशाला दुखवा, म्हणून गोड बोलतायत."

"अगं, चांगलं होतंय सगळं."

"तू गप्प बस. भूक लागली की तू पुठ्ठासुद्धा खाशील."

तिने मसाले बदलले, कढई बदलली, शेजारणीला चव बघायला बोलावलं. ती बिचारी छान म्हणाली, तर मामी तिच्यावरच डाफरली. स्वयंपाकघरात भांडी आपटू लागली. आम्ही जेवायला बसलो की ती समोर उभी राहून आमची तोंडं न्याहाळायची. आपल्याकडे मिरवण्यासारखा एवढा हातच आहे, असं ती मानायची. तोच गेला तर उरलं काय, ही धास्ती तिच्या डोळ्यांत दिसायची आणि मला ती बघवत नव्हती.

शेवटी एका सकाळी तिने मामाच्या कॉफीत साखरेऐवजी मीठ घातलं. मी बघतच राहिले. तिने ओठांवर बोट ठेवलं.

"आज तरी खरं बोलतील," ती पुटपुटली.

मामाने पेपर वाचतावाचता घोट घेतला. मग दुसरा घेतला.

"छान झालीय," तो म्हणाला.

मामीने त्याच्या हातातला कप ओढून घेतला, स्वतः घोट घेतला आणि धावत जाऊन थुंकली.

"अहो, मीठ आहे यात."

मामा चोरी पकडली गेल्यासारखा खाली बघू लागला. "तापापासून मला काहीच लागत नाही," तो म्हणाला. "वास येत नाही, चव कळत नाही."

"मग सांगायचं नाही?"

"सांगून काय? याला काही कळत नाही म्हटल्यावर तू कशाला एवढा जीव ओतशील? काहीतरी उकडून पुढे ठेवशील."

मामी स्टुलावर बसली. गॅसवर दूध उतू गेलं, तरी ती उठली नाही. शेवटी मीच गॅस बंद केला.

त्या दुपारी तिने आमच्याबरोबर स्वतःचंही पान वाढून घेतलं. एरवी ती उभ्यानेच चार घास पोटात ढकलायची. मामाने अजून जेवणाला हात लावला नव्हता. तिने पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि सावकाश चावला.

"मीठ किंचित कमी आहे," ती म्हणाली.

मामाने भाजीचा घास तोंडात घातला आणि बराच वेळ घोळवला.

"तेच म्हणणार होतो मी," तो म्हणाला.