गळ्याचा दोरा

आमच्या थळला दरसाल नवरात्राआधी एक म्हातारा पटवेकरी बायकांच्या काळ्या मण्यांच्या पोती गाठवून द्यायला यायचा. त्याचं नाव कुणी कधी विचारलं नाही. तो बाईच्या तोंडाकडे बघायचाच नाही, फक्त गळ्याकडे. दोऱ्याने गळ्याचं माप घ्यायचा, प्रत्येकीच्या खुणेची वेगळी गाठ मारायचा आणि दोरा पत्र्याच्या डबीत ठेवायचा. एखादी बाई वारली की तिचा दोरा डबीतून काढून पांढऱ्या फडक्यात बांधायचा.

त्या वर्षी माझ्या गळ्यातली ग्रंथी वाढली होती. छाती धडधडायची, हात कापायचे. अलिबागचे आमचे डॉक्टर मात्र दर खेपेला म्हणायचे, "सूज उतरतेय, हेच औषध चालू ठेवा." अगदी घरच्यासारखे डॉक्टर. त्यांना सोडायचं कसं?

म्हाताऱ्याने माझा जुना दोरा आणि नवा दोरा शेजारी धरले. नवा चांगला दोन बोटं लांब होता.

"बाय, दोरा कुनाची भीड धरत न्हाय," तो माझ्या गळ्याला म्हणाला.

त्याच आठवड्यात मी रेवसहून बोटीने मुंबईच्या डॉक्टरांकडे गेले.

पुढच्या नवरात्रापर्यंत गळा पुष्कळ उतरला. मी हौसेने पोत आखूड करून घ्यायला गेले. म्हाताऱ्याने डबी उपसली, माझा दोरा सापडेना. मग त्याने सावकाश पांढरं फडकं सोडलं. माझा दोरा त्यात होता.

त्याने तो उचलून डबीत टाकला, आणि पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे बघितलं.